रानफुलांचं कॉर्डियल घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुलांच्या कॉर्डियलला सामान असं काही फारसं लागत नाही. फुलं, साखर, पाणी, आंबटपणासाठी काहीतरी आणि एक रात्र. तरीही पहिल्या खेपेला बहुतेकांचं बिघडतं. माझंही बिघडलं होतं. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या शंकांची उत्तरं इथे दिली आहेत. फूल ओळखण्याचे प्रश्न मुद्दाम आधी घेतलेत. चव बिघडली तर पातेलं मोरीत ओतून मोकळं होता येतं, चुकीचं फूल पोटात गेलं की ती सोय राहत नाही.

कॉर्डियल म्हणजे सरबतच ना?

जवळजवळ. सरबत पेल्यात तयार असतं, कॉर्डियल बाटलीत घट्ट असतं आणि प्यायच्या वेळी त्यात पाणी किंवा सोडा घालायचा. नुसत्या सिरपमध्ये गोडी असली की भागतं, कॉर्डियलला आंबटपणा हवाच. शब्दाचं मूळ लॅटिन 'कोर', म्हणजे हृदय. युरोपात एकेकाळी हृदयाला उभारी देणारं औषध म्हणून अशी मिश्रणं विकली जात आणि त्यांत बऱ्याचदा दारू असे. अमेरिकेत आजही 'कॉर्डियल' म्हटलं की गोड मद्य समोर येतं. इथे आपण बिनदारूच्या कॉर्डियलबद्दल बोलतोय.

कोणत्या फुलांचं करता येतं?

खाण्याजोगं आणि स्वतःचा वास, चव किंवा रंग असलेलं फूल हवं. एल्डर नावाच्या झुडपाचं फूल, एल्डरफ्लॉवर, हे या कामातलं सगळ्यात प्रसिद्ध. त्याशिवाय वासाचा गुलाब, व्हायोलेट, लाइलॅक, डँडेलियनच्या पिवळ्या पाकळ्या, लॅव्हेंडर, मोगरा, जाई, जास्वंद, गोकर्ण. लाल अंबाडीही यात मोडते, पण तिच्यात पाकळ्या वापरत नाहीत. फूल गळून गेल्यावर मागे राहतो तो लाल, जाडसर, आंबट निदलपुंज वापरतात.

यांचे दोन गट मनात पक्के करून ठेवा, कारण पुढची सगळी कृती त्यावर ठरते. एल्डरफ्लॉवर, मोगरा, गुलाब ही वासाची फुलं. गोकर्ण, जास्वंद, अंबाडी ही रंगाची आणि आंबटपणाची. गोकर्णाला तर वास जवळपास नाहीच. वासाच्या फुलांना उष्णता सोसत नाही, रंगाच्या फुलांचं तिने फारसं बिघडत नाही. घरात जी कॉर्डियलं फसतात, त्यांतली निम्मी या दोन गटांची कृती एकमेकांना लावल्यामुळे फसतात असं माझं मत आहे.

कोणती फुलं चुकूनही घेऊ नयेत?

कण्हेर, मग ती लाल असो, पांढरी असो की पिवळी. धोतरा, रुई, कळलावी, सदाफुली, घाणेरी, रातराणी. थंड हवेतल्या झाडांपैकी फॉक्सग्लोव्ह, लिली ऑफ द व्हॅली, विस्टेरिया, लॅबर्नम, नार्सिसस. यादी इथे संपत नाही, म्हणून 'यादीत नाही म्हणजे चालेल' असा अर्थ काढू नका. उलटं चाला: खाण्याजोगं आहे याची खात्री झालेलं फूलच टोपलीत.

कण्हेर आणि फॉक्सग्लोव्ह यांच्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. 'उकळलं की विष मरतं' हा समज इथे जिवावर बेतू शकतो. कण्हेरीचा काढाही विषारीच असतो.

रातराणीबद्दल मुद्दाम सांगते, कारण तिच्या वासाने भलेभले भुलतात. वास गोड आहे म्हणून झाड खाण्याचं होत नाही. वास परागीभवन करणाऱ्या किड्यांसाठी असतो, आपण त्या निमंत्रणात नसतो.

फूल नक्की ओळखलंय हे कसं समजायचं?

नुसतं फूल बघून ठरवू नका. पान, खोड, झाडाची ठेवण, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे सगळं जुळलं पाहिजे. एल्डरचंच बघा. मलईच्या रंगाची बारीक फुलं, छत्रीसारखा सपाट गुच्छ. याच वर्णनात हेमलॉक नावाची अत्यंत विषारी वनस्पतीही बसते. पण एल्डर हे लाकडी खोडाचं झुडूप किंवा लहान झाड आहे, त्याची संयुक्त पानं समोरासमोर येतात आणि एका पानात बहुधा पाच ते सात पर्णिका असतात. हेमलॉकचं खोड हिरवं, पोकळ, त्यावर जांभळे डाग, आणि पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली. गुच्छाचा फोटो काढून मोबाइलमधल्या अ‍ॅपला विचारलंत तर दोन्हींत गल्लत होऊ शकते. खोड हाताने धरून पाहिलंत तर होत नाही.

अ‍ॅप सुरुवातीला नाव सुचवायला ठीक आहे, शेवटचा निर्णय त्याच्यावर सोडायचा नाही. झाड ओळखणारा माणूस सोबत असेल तर उत्तम. आणि मनात एक टक्का जरी शंका असली, तरी त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.

सगळे त्याला जास्मिनच म्हणतात, मग चालेल ना?

याच प्रश्नाची भीती वाटते. जास्मिन हे नाव वाटेल त्या वासाच्या वेलीला चिकटवलेलं असतं. खरी जास्मिन म्हणजे जॅस्मिनम या प्रजातीतली: मोगरा, जाई वगैरे. रातराणीला इंग्रजीत 'नाइट ब्लूमिंग जास्मिन' म्हणतात, ती या प्रजातीची नाही आणि विषारी आहे. कॅरोलिना जेसमिन नावाची पिवळ्या फुलांची वेल म्हणजे जेल्सेमियम, तीही विषारी. बोलीतली नावं गप्पांसाठी ठेवा, तोडण्याआधी शास्त्रीय नाव जुळवा. तसंच आफ्रिकन व्हायोलेट या कुंडीतल्या झाडाचा कॉर्डियलच्या व्हायोलेटशी काही संबंध नाही.

एक फूल खाण्याजोगं म्हणून त्याचं अख्खं झाड खाण्याजोगं, असंही नसतं. रोबिनिया या झाडाच्या पांढऱ्या फुलांचे घोस चालतात, पण साल, पानं, बिया विषारी आहेत. एल्डरच्या पानांत आणि देठांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. गोकर्णाच्या बिया रेचक आहेत. म्हणून हिरवा भाग जितका काढता येईल तितका काढा.

फुलं कधी तोडावीत?

बहुतेक फुलांसाठी कोरड्या, उन्हाच्या दिवशी सकाळी, दव वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आत. पावसानंतर लगेच नको, परागकण धुऊन गेलेले असतात आणि एल्डरफ्लॉवरची चव बरीचशी परागकणांतच असते. अर्ध्याहून जास्त फुलं उमललेली आणि काही कळ्या बाकी असलेला गुच्छ सर्वात चांगला. तपकिरी पडायला लागलेला सोडा. जुन्या एल्डरफ्लॉवरला मांजराच्या मुताचा वास येतो. मी हे अतिशयोक्तीने म्हणत नाहीये. गुच्छ नाकाशी नेल्याशिवाय टोपलीत टाकायचा नाही, हा नियम त्यामुळेच आहे.

मोगरा-जाईचं घड्याळ उलटं. त्यांच्या टपोऱ्या कळ्या संध्याकाळी तोडायच्या, त्या रात्री उमलतात.

प्लास्टिकची पिशवी नको, आत फुलं घामेजून काळवंडतात. टोपली किंवा कापडी पिशवी घ्या, आणि घरी आल्यावर दोन-तीन तासांच्या आत कामाला लागा. 'उद्या करू' म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या फुलांचं कॉर्डियल गवतासारखं लागतं.

कुठली फुलं तोडू नयेत?

वाहत्या रस्त्याकडेची, फवारणी होणाऱ्या शेताच्या बांधावरची, कारखान्याच्या सांडपाण्याजवळची, आणि कुत्रे जिथे पाय वर करतात त्या उंचीवरची. फुलवाल्याकडचे गुलाब दिसायला कितीही देखणे असले तरी नकोत, ते खाण्यासाठी वाढवलेले नसतात आणि त्यांच्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. जागा दुसऱ्याची असेल तर विचारा. संरक्षित जंगलात किंवा उद्यानात नियम आधी पाहा, बऱ्याच ठिकाणी फूल तोडायला मनाई असते.

एका झाडावरून थोडीच घ्या. एल्डरचं प्रत्येक फूल म्हणजे पुढे येणारं फळ, आणि त्यावर पक्ष्यांचा हक्क आपल्या आधीचा आहे.

फुलं धुवायची का? आत किडे असतात.

एल्डरफ्लॉवर धुवू नका, परागकण पाण्याबरोबर जातात. गुच्छ उलटा धरून हलकेच झटका, मग पांढऱ्या कापडावर सावलीत अर्धा तास पसरून ठेवा. किडे आपले आपण चालू लागतात. उरलेसुरले फडक्यात अडकतील. गुलाब किंवा जास्वंद धुळकट असेल तर पाण्यात एक बुडी देऊन लगेच निथळा. गुलाबपाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडू असतो. वेळ असेल तर कात्रीने उडवा, नसेल तर फार बिघडत नाही.

मूळ कृती सांगा.

एल्डरफ्लॉवरची सांगते, वासाच्या बाकी फुलांना थोड्या फरकाने हीच लागू पडते.

एक लिटर पाण्यात एक किलो साखर घालून गरम करा. साखर विरघळली आणि एक उकळी आली की गॅस बंद. तारेची वाट पाहायची नाही, आपल्याला मुरवायला पातळ पाक हवाय. आता सर्वात अवघड भाग: थांबायचं. बोट बुडवून सहन होईल इतका कोमट होऊ द्या. तोवर 20 ते 25 मोठ्या गुच्छांची फुलं काट्याने किंवा कात्रीने जाड देठांपासून सोडवून घ्या. दोन लिंबांची पिवळी साल वरवर किसून घ्या, पांढरा भाग आला की कडवटपणा आला. उरलेल्या लिंबांच्या चकत्या करा. कोमट पाकात 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा, मग फुलं, साल, चकत्या. फुलं वर तरंगतात, म्हणून एक ताटली उपडी ठेवून ती बुडवा. वर झाकण ठेवून थंड जागी 24 तास.

दुसऱ्या दिवशी झाकण काढाल तेव्हा फुलं मलूल, किंचित पिवळट झालेली असतील आणि पाक फिकट सोनेरी. आधी चाळणीतून, मग उकळून घेतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळायचं नाही, टांगून ठेवायचं. एक किलो साखर विरघळली की पाण्याचं आकारमान साधारण 600 मिलिलिटरने वाढतं, म्हणून हाती दीड लिटरच्या आसपास कॉर्डियल येतं. त्या हिशेबाने बाटल्या आधीच तयार ठेवा. गाळताना बाटल्या शोधत बसण्याची पाळी प्रत्येकावर एकदा येतेच.

गुलाबासाठी लिटरला गच्च दोन-तीन मुठी वासाच्या पाकळ्या आणि 15 ते 20 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पुरतं. लॅव्हेंडर मात्र जपून, दोन चमचे सुकी फुलं लिटरभराला पुष्कळ झाली. जास्त घातलं की साबण प्यायल्यासारखं वाटतं.

फुलं पाकात उकळली तर काय होतं? वेळ वाचेल की.

वेळ वाचतो, वास जातो. फुलाचा वास म्हणजे हवेत सहज उडून जाणारी हलकी द्रव्यं, म्हणून तर तो लांबून येतो. उकळताना ती वाफेबरोबर निघून जातात. मी पहिल्यांदा मोगरा पाकात टाकून दहा मिनिटं उकळला होता. अख्खं घर घमघमत होतं आणि मी खूश. गाळून चाखलं तर उकडलेल्या पालेभाजीच्या पाण्यात साखर घातल्यासारखी चव. घरभर जो पसरला होता, तो सगळा बाटलीत जायचा वास होता.

गुलाब यात त्यातल्या त्यात सोशीक. त्याच्या वासातलं एक मुख्य द्रव्य, फिनाइलइथाइल अल्कोहोल, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. म्हणूनच गुलाबजल इतकं चांगलं होतं. तरी उकळू नकाच. अंबाडी मात्र खुशाल उकळा, तिची चव आम्लांची आहे आणि ती उडून जात नाहीत.

मग मोगऱ्याचं कसं करायचं?

थंड. पूर्ण थंड. मोगरा आणि जाई तोडल्यानंतरही कित्येक तास वास तयार करत राहतात. त्यामुळेच जुने अत्तरकार जाईची फुलं गरम न करता चरबीच्या थरावर पसरून ठेवत आणि उतरलेली फुलं काढून नवी घालत. आपण चरबीच्या जागी पाणी घेऊ.

एक लिटर पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात 20 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा. संध्याकाळी तोडलेल्या दोन मुठी कळ्या, हिरवे देठ काढून, पसरट काचेच्या भांड्यात या पाण्यावर तरंगत सोडा. बुडवू नका. घट्ट झाकण लावा. रात्री दहाच्या सुमारास पाहाल तर कळ्या फुललेल्या दिसतील आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक दव धरलेलं असेल. सकाळी पाकळ्यांच्या कडा तपकिरी व्हायच्या आत फुलं उचला. चव हलकी वाटली तर दिवसभर भांडं फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या संध्याकाळी ताज्या कळ्या घाला. मग साखर त्याच गार पाण्यात ढवळून विरघळवायची. किलोभर साखर गार पाण्यात विरघळायला वेळ लागतो, हात दुखतो, पण गॅसकडे जाऊ नका. हे कॉर्डियल फ्रिजमध्येच ठेवायचं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपवायचं.

गोकर्णाचा निळा रंग लिंबू घातल्यावर जांभळा झाला. बिघडलं का?

नाही, तसंच व्हायला हवं. निळा, जांभळा, लाल हे रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचे असतात आणि आम्ल वाढलं की ते लालसर होतात. व्हायोलेटच्या पाकाचंही हेच होतं. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने हाच व्हायोलेटचा पाक आम्ल ओळखायला वापरला आणि 1664 मध्ये त्याबद्दल लिहिलं. प्रयोगशाळेतल्या लिटमसच्या कागदाचा हा गोड भाऊबंद म्हणा.

निळा रंग टिकवायचाच असेल तर आम्ल न घालता थोडंसंच करा, दोन-तीन दिवसांत संपवा, आणि लिंबू पेल्यात वेगळं पिळा. पाहुण्यांसमोर ते जास्त रंगतंही. आम्लाशिवायचं कॉर्डियल टिकत नाही, ते बाटलीत भरून ठेवू नका.

जास्वंदीच्या पाण्याचा रंग आधी मळकट जांभळा येतो, घाबरू नका, आंबट पडताच लाल होतो. जास्वंदीच्या पाकळ्या बुळबुळीत असतात. गरम पाण्यात वीस मिनिटं पुरे, रात्रभर ठेवल्या तर हातात चिकट रस येतो.

भांडं कोणतं घ्यावं?

स्टील, काच किंवा न टवकलेलं एनॅमल. लोखंडात रंग काळपट पडतो. अ‍ॅल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं तांबं-पितळ आम्लाबरोबर नको.

साखर कमी केली तर चालेल?

चालेल, पण मग ते टिकाऊ राहणार नाही. साखर गोडीसाठी असते तितकीच राखणदारीसाठी. ती पाणी धरून ठेवते, जंतूंना मोकळं पाणी मिळत नाही. पाण्याच्या दुप्पट साखर घातली, म्हणजे लिटरला दोन किलो, तर पाक सुमारे 67 टक्के होतो आणि त्यात फार थोड्यांचं भागतं. बरोबरीने घातली तर 50 टक्के, तिथे यीस्ट आणि बुरशी रमू शकतात, म्हणून आम्ल आणि फ्रिज दोन्ही लागतात. त्याहून कमी साखरेचं कॉर्डियल बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि एकेक खडा पेल्यात टाका. मला विचाराल तर गोडी कमी हवी असेल तेव्हा साखर न कापता पेल्यात पाणी वाढवणं सोपं.

दुप्पट साखरेच्या पाकात फ्रिजमध्ये तळाशी खडे धरतात. बाटली कोमट पाण्यात उभी करा, विरघळतील.

साखरेऐवजी मध किंवा गूळ?

गुळाचा स्वतःचा वास इतका दणकट की नाजूक फूल त्याखाली गुदमरतं. अंबाडीबरोबर जमतो. मधाचंही तसंच, मात्र डँडेलियनशी त्याची छान गट्टी होते. मध घातलेलं काहीही एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नका, त्यातून बाळांना बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा होण्याचा धोका असतो.

सायट्रिक अ‍ॅसिड घालायचं नाहीये, नुसतं लिंबू चालेल?

चालेल, हिशेब मात्र करा. लिंबाच्या रसात साधारण 5 टक्के सायट्रिक अ‍ॅसिड असतं. म्हणजे एका सपाट चमच्यातल्या पाच ग्रॅम पावडरीची बरोबरी करायला 100 मिलिलिटर रस लागतो. पन्नास ग्रॅमसाठी लिटरभर रस! एवढा घातला तर ते फुलांचं राहीलच कुठे? म्हणून लिंबू चवीपुरतं आणि पावडर टिकण्यासाठी, अशी वाटणी बरी. पावडर खाण्याच्या दर्जाची घ्या. अंबाडी स्वतःच आंबट असल्यामुळे तिला फार कमी लागतं.

ही पावडर सोडायची नाही याला एक कारण आहे. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट. बोटुलिझमचे जिवाणू 4.6 पेक्षा कमी पीएचला वाढत नाहीत, आणि वर दिलेल्या प्रमाणांत कॉर्डियल त्याच्या बरंच खाली जातं.

किती दिवस टिकतं?

बरोबरीच्या साखरेचं, आम्ल घातलेलं कॉर्डियल स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये, महिनाभर. फ्रीझरमध्ये वर्षभर, फक्त बाटलीत वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना ते फुगतं.

बाटल्या काचेच्या घ्या, साबणाने धुऊन दहा मिनिटं पाण्यात उकळा आणि गरम असतानाच भरा. बूच आणि रबराची चकती विसरली जाते, घाण तिथेच बसते. फ्रिजबाहेर ठेवायचं असेल तर भरलेल्या बाटल्या खोल पातेल्यात, तळाला फडकं घालून उभ्या करा, गळ्यापर्यंत पाणी भरा आणि ते 80 अंश सेल्सियसच्या आसपास वीस मिनिटं ठेवा. थोडा वास जातो, बदल्यात काही महिने मिळतात. उघडलेली बाटली मात्र फ्रिजमध्येच.

बाटलीत बुडबुडे येताहेत. पिऊ का?

ते आंबायला लागलंय. फुलांवर यीस्ट असतंच, साखर मिळाली की ते कामाला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड व दारू तयार होते. काही जण एल्डरफ्लॉवर मुद्दाम असं आंबवतात. आपण ते मुद्दाम केलेलं नाही, तेव्हा बाटलीकडे पेय म्हणून न बघता सुतळी बॉम्ब म्हणून बघा. माझी एक बाटली कपाटात फुटली होती, काचेचे तुकडे पुढे कित्येक दिवस सापडत होते. बाटलीवर जाड टॉवेल टाका, तोंड आपल्यापासून लांब धरा, बूच हळूहळू सैल करा आणि ओतून द्या.

वर बुरशीचा छोटासा ठिपका होता, काढून टाकला. आता चालेल ना?

नाही. ठिपका दिसतो तेवढीच बुरशी नसते. अख्खी बाटली टाका.

गढूळ झालं किंवा कडू लागतंय.

गढूळपणा बहुधा परागकणांचा किंवा फडकं पिळल्याचा. पिण्याला अडचण नाही, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरचं नितळ ओतून घ्या. आधी स्वच्छ असलेलं नंतर गढुळलं, तर मात्र ते आंबू लागल्याची शंका घ्या.

कडूपणा निस्तरता येत नाही. देठ राहिले, लिंबाचा पांढरा भाग पडला किंवा फुलं दोन-दोन दिवस आत राहिली, यांतलं काहीतरी झालं असणार. जास्त साखर घालून तो झाकायचा प्रयत्न करू नका, गोड आणि कडू असं दोन्ही लागतं.

प्रिझर्व्हेटिव्ह घालावं का?

घरापुरतं करत असाल तर गरज नाही. घालायचंच असेल तर रंगीत कॉर्डियलमध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नको, त्याने फुलांचा रंग उडतो, शिवाय दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो. सोडियम बेंझोएट आम्लात चांगलं काम करतं, पण त्याचं प्रमाण पाकिटावर बघून, वजनकाट्यावर मोजून घ्यायचं. चिमटीने नाही.

कोणी पिऊ नये?

परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी घोटभर घेऊन थांबावं. गरोदर स्त्रियांनी आणि नियमित औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. अंबाडीने रक्तदाब उतरू शकतो, त्याच्या गोळ्या चालू असतील तर हे लक्षात ठेवा. मधुमेह असेल तर आकडा माहीत असू द्या: बरोबरीच्या साखरेचं 30 मिलिलिटर कॉर्डियल म्हणजे सुमारे 18 ग्रॅम, जवळपास चार चमचे साखर. दुप्पट साखरेचं असेल तर 26 ग्रॅमच्या घरात.

वाळलेली फुलं चालतात का?

चालतात, ताज्याच्या तिसऱ्या हिश्श्याने घ्या. एल्डरफ्लॉवर, गुलाब, गोकर्ण, अंबाडी चांगली वाळतात. मोगऱ्याच्या वाळक्या फुलांत वास फारसा उरत नाही, त्यावर साखर फुकट घालवू नका.

पेल्यात किती घालायचं?

एक भाग कॉर्डियलला सहा ते आठ भाग गार पाणी किंवा सोडा. सोडा घेत असाल तर कॉर्डियल आधी ओता आणि सोडा वरून सावकाश, नाहीतर फेस ओट्यावर येतो. पाण्याऐवजी चिरलेल्या फळांवर घाला, केकच्या गरम थरावर चमच्याने ओता. अंबाडीचं असेल तर जरा जास्त पाणी लागतं.

गाळून उरलेल्या फुलांचं काय करावं?

गुलाबाच्या पाकळ्या पाकात मुरून मऊ झालेल्या असतात, त्या तशाच खाता येतात. लिंबाच्या चकत्या ताटात पसरून मंद ओव्हनमध्ये वाळवा, छान चिवट गोड होतात. एल्डरफ्लॉवर खतात टाका, पण वर मातीचा थर द्या. मी एकदा दिला नव्हता, आणि तासाभरात बादलीपासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.